मुंबई–गोवा महामार्ग (राष्ट्रीय महामार्ग ६६): वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हा महामार्ग नेमका कुठून कुठे जातो?

नाव मुंबई–गोवा असलं तरी रस्ता मुंबईत सुरू होत नाही आणि गोव्यात संपतही नाही. सुरुवात पनवेलजवळच्या पळस्पे फाट्यावर, शेवट कन्याकुमारीला. मधे महाराष्ट्र, गोवा, कर्नाटक, केरळ आणि तामिळनाडू ही पाच राज्यं लागतात. केरळात माहे गावाशी पुदुच्चेरी या केंद्रशासित प्रदेशाचा एक चिमुकला तुकडाही आडवा येतो. एकूण लांबी साधारण १,६०० किलोमीटर. कन्याकुमारीला हा रस्ता श्रीनगरहून आलेल्या ४४ क्रमांकाच्या महामार्गाला भेटतो.

एनएच १७ आणि एनएच ६६ हे दोन वेगळे रस्ते आहेत का?

रस्ता तोच, फक्त क्रमांक बदलला. २०१० साली देशभरातल्या राष्ट्रीय महामार्गांना नवे क्रमांक मिळाले. त्याआधी पनवेल ते कोचीजवळचं एडपल्ली एवढाच पट्टा १७ क्रमांकाचा होता. जुन्या नोंदींत त्याची लांबी १,२६९ किलोमीटर आहे: महाराष्ट्रात ४८२, गोव्यात १३९, कर्नाटकात २८० आणि केरळात ३६८. एडपल्लीच्या दक्षिणेचा रस्ता तेव्हा ४७ क्रमांकात मोडत असे. नव्या रचनेत हे दोन्ही जोडून ६६ झाला.

नव्या क्रमांकांमागचं सूत्र सोपं आहे. उत्तर–दक्षिण रस्त्यांना सम आकडे, आणि ते पूर्वेकडून पश्चिमेकडे वाढत जातात. पूर्व–पश्चिम रस्त्यांना विषम आकडे, ते उत्तरेकडून दक्षिणेकडे वाढतात. म्हणून पश्चिम किनाऱ्यावरच्या या रस्त्याला ६६ सारखा मोठा सम आकडा आला. तीन आकडी क्रमांकातले शेवटचे दोन आकडे मूळ रस्त्याचे असतात. रत्नागिरी–कोल्हापूर रस्त्याचा १६६ किंवा वेर्णा–वास्कोचा ५६६ पाहिला की ती ६६ ची फांदी आहे हे कळतं. हॉटेलांच्या आणि गॅरेजच्या पाट्यांवर मात्र अजून ‘एनएच १७’ दिसतो. रंगारी पुन्हा बोलावायचा खर्च कोण करणार?

महाराष्ट्रातला मार्ग गावागावांनी सांगाल का?

रायगड जिल्हा: पळस्पे, कर्नाळा अभयारण्य, खारपाडा (पाताळगंगा), पेण, वडखळ, नागोठणे (अंबा), वाकण फाटा, सुकेळी खिंड, कोलाड (कुंडलिका), इंदापूर, माणगाव, लोणेरे, महाड, पोलादपूर. वडखळला अलिबागचा रस्ता फुटतो. पोलादपूरहून डावीकडे आंबेनळी घाटाने महाबळेश्वर.

रत्नागिरी जिल्हा: कशेडी घाट ओलांडला की खेड (भरणे नाका, जगबुडी), भोस्ते घाट, लोटे औद्योगिक वसाहत, परशुराम घाट, चिपळूण (वाशिष्ठी), कामथे, सावर्डे, आरवली, संगमेश्वर (शास्त्री आणि सोनवी), बावनदी, निवळी, हातखंबा, पाली, लांजा, राजापूर (अर्जुना). गणपतीपुळ्याला निवळी फाट्यावर वळतात. रत्नागिरी शहर महामार्गावर नाही, ते हातखंब्याहून पश्चिमेला आहे. पहिल्यांदा येणारे इथे हमखास फसतात.

सिंधुदुर्ग जिल्हा: खारेपाटण, तळेरे, नांदगाव, कणकवली (जानवली आणि गड), ओसरगाव, कसाल, ओरोस, कुडाळ, झाराप, मग सावंतवाडीला बगल देऊन बांदा (तेरेखोल) आणि पत्रादेवी. मालवणला कसालहून वळायचं.

अंदाजासाठी पनवेलपासूनचे आकडे: इंदापूर ८४ किलोमीटर, परशुराम घाट २०५, आरवली २४१, कणकवली ४०५ च्या आसपास, झाराप ४५०, आणि तिथून पत्रादेवी आणखी सुमारे २१. बाह्यवळणं झाल्यामुळे आता अंतर जुन्या ४८२ पेक्षा थोडं कमी भरतं.

या रस्त्यावर इतके पूल आणि घाट कशामुळे?

वरच्या यादीत कंसात नद्या दिल्या आहेत, त्यांतच उत्तर आहे. कोकणात पाणी सह्याद्रीवरून निघतं आणि चाळीस-पन्नास किलोमीटरांत समुद्राला मिळतं. म्हणजे इथली प्रत्येक नदी पूर्व–पश्चिम, आणि दोन नद्यांच्या मधे सह्याद्रीची एक सोंड समुद्राकडे उतरलेली. या भूगोलावर उत्तर–दक्षिण रस्ता काढायचा म्हणजे चढ, खिंड, उतार, नदी, पूल, आणि पुन्हा चढ. कशेडी, भोस्ते, परशुराम, कामथे हे घाट सह्याद्री ओलांडणारे नाहीत, ते या सोंडा ओलांडणारे आहेत.

रस्ता आणखी पश्चिमेला नेला असता तर खाड्या रुंद झाल्या असत्या, पूर्वेला नेला असता तर चढ अंगावर आले असते. म्हणून तो मधल्या पट्ट्यातून गेला, जिथे खाडी संपते आणि नदी अरुंद होते. महाड, चिपळूण, संगमेश्वर, राजापूर, खारेपाटण या जुन्या पेठाही नेमक्या याच जागी आहेत. गलबतं भरतीबरोबर इथवर येत आणि घाटावरून बैल इथे उतरत. रस्त्याने ही गावं जोडली, पण गावांची जागा पाण्याने ठरवली होती. याच कारणाने ती दर पावसाळ्यात पुराच्या तोंडीही असतात.

रस्ता होण्याआधी कोकणातली माणसं मुंबईला कशी जात?

बोटीने. मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून निघालेली आगबोट दाभोळ, जयगड, रत्नागिरी, विजयदुर्ग, मालवण, वेंगुर्ला अशी बंदरं घेत पणजीपर्यंत जाई. बऱ्याच ठिकाणी धक्का नसल्याने बोट खोल पाण्यात उभी राही आणि माणसं पडावातून किनाऱ्यावर उतरत. पावसाळ्यात ही लांब पल्ल्याची वाहतूक बंद. १७ जुलै १९४७ रोजी रेवसला निघालेली ‘रामदास’ बोट वादळात बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसं गेली. मुंबईहून कोकणात जाणाऱ्या त्या पिढीच्या मनातून ती तारीख कधी पुसली नाही.

खुष्कीचे जुने मार्ग होते ते घाट उतरून बंदराकडे येणारे, म्हणजे पूर्व–पश्चिम. किनाऱ्याला समांतर, बारमाही, मोटारीचा रस्ता ही तुलनेने अलीकडची गोष्ट. कोकण रेल्वे तर त्याहून नंतरची. ती २६ जानेवारी १९९८ ला पूर्ण मार्गावर धावू लागली. बोटी सोडल्या तर तोवर एसटी आणि हा रस्ता यांच्याशिवाय पर्याय नव्हता.

पत्रादेवीला हुतात्मा स्मारक कशाचं आहे?

आज जिथे गाडीचा वेग फारसा कमीही होत नाही, ती १९ डिसेंबर १९६१ पर्यंत पोर्तुगीज राज्याची हद्द होती. १५ ऑगस्ट १९५५ रोजी गोवामुक्तीसाठी निघालेल्या निःशस्त्र सत्याग्रहींवर तिथे पोर्तुगीजांनी गोळ्या झाडल्या. स्मारक त्यांचं आहे. रस्त्याच्या दृष्टीने अर्थ असा, की बांदा आणि म्हापसा यांना जोडणारा अखंड हमरस्ता ही मुक्तीनंतरचीच गोष्ट. गोव्यात मांडवी आणि झुआरीवर पूल त्यानंतरच झाले. तोवर गाड्या फेरीबोटीतून पलीकडे जात.

महाडजवळचा सावित्रीचा पूल कसा पडला?

तो ब्रिटिशकालीन दगडी कमानींचा पूल होता, १९२८ सालचा. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री सावित्रीला मोठा पूर असताना तो कोसळला. दोन एसटी बस आणि एक खासगी गाडी अंधारात सरळ पाण्यात गेली. शेजारी नवा पूल होता, त्यामुळे एका दिशेची वाहतूक वाचली.

अशा जुन्या पुलांना धोका असतो तो पायाला. पुराच्या वेगाने खांबाभोवतीची वाळू-माती खरवडून जाते, पाया उघडा पडतो आणि वरून काहीच दिसत नाही. कमानीचा पूल एक खांब सरकला की एकदम जातो. म्हणून पुलाची खरी तपासणी पाण्याखाली, पावसाळ्याच्या आधी आणि नंतर अशी दोनदा व्हायला हवी. दगडांच्या फटीत उगवलेली वडा-पिंपळाची रोपं हीसुद्धा लक्षणंच. पडलेल्या पुलाच्या जागी नवा पूल १६५ दिवसांत उभा राहिला आणि ५ जून २०१७ ला खुला झाला. याच महामार्गावर पूल असा झटपट होऊ शकतो, हे लक्षात ठेवून पुढचं उत्तर वाचावं.

मग चौपदरीकरण इतकी वर्षं का रेंगाळलं?

एक कारण नाही. पनवेल–इंदापूर या ८४ किलोमीटरचं काम राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाकडे, २०११ पासून. इंदापूर ते झाराप सार्वजनिक बांधकाम खात्याच्या राष्ट्रीय महामार्ग विभागाकडे, दहा तुकड्यांत, आणि ते काही वर्षांनी सुरू झालं. झाराप–पत्रादेवी मात्र या सगळ्याच्या आधीच चौपदरी झाला होता. म्हणजे शेवट आधी तयार, सुरुवात मात्र रेंगाळलेली.

पनवेल–इंदापूरची अडचण अशी होती. रस्ता कर्नाळा अभयारण्यातून जातो, तेव्हा वनखात्याची परवानगी हवी. कंत्राट ‘बांधा, वापरा, हस्तांतरित करा’ या पद्धतीचं, म्हणजे ठेकेदाराने कर्ज काढून बांधायचं आणि टोलमधून वसूल करायचं. जमीन हातात येत नाही तोवर काम नाही, काम नाही तर बँक पुढचा हप्ता देत नाही, आणि व्याज चालूच. ठेकेदार गाळात गेला की नवी निविदा, नवे दर आणि आणखी दोन पावसाळे.

जमिनीचा गुंता कोकणाचा खास आहे. सातबारावर वीस-पंचवीस नावं, त्यांतली निम्मी मुंबईत, काही वारसनोंदीच झालेल्या नाहीत. मोबदला तयार असतो, पण तो घ्यायला कोणी एकत्र येत नाही. खोताची, कुळाची, देवस्थानची जमीन असेल तर आणखी एक फेरा.

कामाचे महिनेही मोजके. जूनपासून सप्टेंबरपर्यंत मातीकाम जवळपास बंद. ऑक्टोबरात यंत्रं परत येतात, खडी-क्रशरच्या परवानग्या होईपर्यंत दिवाळी जाते, आणि मे उजाडला की घाई. घाईत केलेला भराव पहिल्याच पावसात बसतो. आरवली–कांटे–वाकेड हे टप्पे सर्वांत मागे राहिले, आणि माणगाव-इंदापूरची बाह्यवळणं वर्षानुवर्षं अर्धवट पडली. उच्च न्यायालयात जनहित याचिका झाल्या, दरवेळी नवी मुदत दिली गेली. आमचं मत: मुदती चुकल्या याहून मोठी चूक म्हणजे कामाचे तुकडे असे पाडले की एकही तुकडा लवकर पूर्ण होऊन उपयोगी पडला नाही.

डांबर सोडून काँक्रीट का घातलं? आणि त्यालाही भेगा का पडतात?

कोकणात वर्षाला तीन हजार मिलिमीटर आणि त्याहून जास्त पाऊस पडतो. डांबर आणि खडी यांच्या मधे पाणी शिरलं की चाकाच्या दाबाने ते आत ठोके मारतं आणि खडी सुटी होते. एका ट्रकचा खड्डा दहाव्या ट्रकला डबकं होतो. काँक्रीटला पाण्याचं तेवढं भय नाही, म्हणून ते निवडलं.

थर असे असतात. खाली दाबलेला भराव, त्यावर पाणी निचरून नेणारा खडीचा थर, त्यावर साधारण १५ सेंटिमीटर कोरडं कमकुवत काँक्रीट, मधे प्लास्टिकचा कागद, आणि वर साधारण २८ ते ३० सेंटिमीटरचा एम-४० दर्जाचा मुख्य थर. तो सलग टाकतात, पण साधारण दर साडेचार मीटरवर करवतीने जाडीच्या पाव ते एकतृतीयांश खोल काप घेतात. काँक्रीट आकसताना तडकणारच असतं. ते आपण आखलेल्या रेषेवर तडकावं यासाठी हा काप. कापाखाली डॉवेल म्हणजे गुळगुळीत लोखंडी गज असतात, ते एका पॅनेलवरचं, म्हणजे दोन कापांमधल्या लादीवरचं, वजन दुसऱ्यावर पोचवतात.

बिघडतं कुठे:

काप उशिरा घेतला तर भेग स्वतःची वाट शोधते. काँक्रीट टाकल्यापासून काही तासांतच, पण कडा तुटणार नाहीत इतपत घट्ट झाल्यावर, तो घ्यावा लागतो. एप्रिलच्या उन्हात ही वेळ फार थोडी असते.

पाणी मारण्यात कसूर झाली तर वरचा पापुद्रा निघतो आणि खडी उघडी पडते.

कापातला रबरासारखा भरणा निघाला आणि पुन्हा भरला नाही, तर पाणी खाली जातं, चाकागणिक बारीक माती वर फेकली जाते आणि पॅनेलखाली पोकळी तयार होते. मग कोपरा तुटतो. सांध्यापाशी चिखलाचे डाग दिसले तर हेच चाललंय असं समजा.

भराव नीट थरांत दाबला नसेल तर पॅनेल शाबूत राहूनही हलतं. पुलाजवळ गाडी जी उडी मारते ती याचमुळे: पूल खांबांवर उभा, तो बसत नाही, पण त्याला टेकलेला भराव बसतो.

फुटलेलं पॅनेल पूर्ण कापून काढणं हाच खरा उपाय. ते केल्यावर नव्या काँक्रीटला नेहमीच्या पद्धतीत २८ दिवस वाहतुकीपासून लांब ठेवावं लागतं, आणि तेवढा वेळ गणपतीच्या आधी कोणाकडेच नसतो. म्हणून खड्ड्यात पेव्हर ब्लॉक बसवतात. अंगणासाठी ते छान. इथे त्यांच्या खालची वाळू दोन सरींत वाहून जाते आणि ट्रकच्या चाकाखाली ब्लॉक कडेला सरकतात.

दरडी नेमक्या कशामुळे कोसळतात?

दक्षिण रत्नागिरी आणि सिंधुदुर्गात वर जांभा असतो, सच्छिद्र, पाणी झरझर खाली सोडणारा. त्याच्या खाली बऱ्याच ठिकाणी शेडी मातीचा थर असतो, पांढरट-गुलाबी आणि चिकण. पाणी जांभ्यातून उतरून शेडीवर अडतं. शेडी साबणासारखी होते आणि वरचा जांभा सरकतो. जांभा उभा कापला तरी चिऱ्याच्या खाणीसारखा वर्षानुवर्षं उभा राहतो, त्यामुळे रस्त्यासाठीही तो तसाच उभा कापायचा मोह होतो. खाली शेडी असेल तर तो मोह महागात पडतो. उत्तरेकडे परशुराम घाटाच्या बाजूला झिजलेला कातळ आणि वर मातीचं जाड पांघरूण, तिथे डोंगर पायाशी कापला की वरचं पांघरूण खाली येतं. परशुराम घाट रुंद करताना २०२२ च्या उन्हाळ्यात रोज दुपारी काही तास वाहतूक बंद ठेवून डोंगर कापावा लागला, आणि त्या पावसाळ्यातही दरडी आल्याच.

उपाय माहीत आहेत. उताराला टप्पे पाडणं, माथ्यावर चर खणून पाणी बाजूला वळवणं, भिंतीला पाणी झिरपायची भोकं ठेवणं, जाळीतल्या दगडांच्या पेट्या, डोंगरात ठोकलेले गज. यांत सर्वांत स्वस्त आणि सर्वांत दुर्लक्षित म्हणजे माथ्यावरचा चर. तो रस्त्यावरून दिसत नाही.

हा प्रश्न फक्त कोकणाचा नाही. १६ जुलै २०२४ रोजी कर्नाटकात अंकोल्याजवळ शिरूर येथे अख्खा डोंगर महामार्गावर येऊन गंगावळी नदीत उतरला आणि रस्त्याकडेचं चहाचं दुकान माणसांसकट गेलं.

कशेडी बोगद्याने काय फरक पडतो?

पोलादपूर आणि खेड यांच्या मधला कशेडी घाट म्हणजे धुकं, नागमोडी वळणं आणि चढावर धापा टाकणारे कंटेनर. बोगदा दोन नळ्यांचा आहे, प्रत्येकी दोन किलोमीटरच्या आत-बाहेर. २०२३ च्या गणेशोत्सवात एक नळी एकेरी वाहतुकीला उघडली, दुसरी त्यानंतर. घाटात पाऊण तास जात होता, तिथे आता दहा-पंधरा मिनिटं लागतात. पावसात आत छतातून पाणी ठिबकतं आणि रस्ता ओला असतो. बोगद्यात शिरण्याआधी दिवे लावावेत, गॉगल काढावा. आत गाडी थांबवून फोटो काढणारे दर सुट्टीत दिसतात. त्यांच्यामागे वेगाने येणाऱ्याला ते दिसत नाहीत.

गोव्यात रस्ता कसा आहे?

पत्रादेवी, मालपे, धारगळ, कोलवाळ (शापोरा), म्हापशाची कड, गिरी, पर्वरी, पणजी, बांबोळी, आगशी, कुठ्ठाळी, वेर्णा, नुवे, मडगावचं बाह्यवळण, कुंकळ्ळी, बाळ्ळी, करमल घाट, काणकोण, पोळे. मोपा विमानतळाचा फाटा धारगळला आहे. पर्वरीत उड्डाणपुलाच्या कामामुळे वळवलेली वाहतूक लागते. पणजी गाठायची असेल तर सकाळ-संध्याकाळ जादा वेळ धरावा.

मांडवीच्या पुलांची कहाणी वेगळी सांगायला हवी. पहिला, नेहरू पूल, ५ जुलै १९८६ रोजी कोसळला. बांधून पुरती वीस वर्षंही झाली नव्हती. त्यानंतर काही वर्षं पणजी आणि उत्तर गोवा यांच्यातली वाहतूक पुन्हा फेरीबोटीवर आली. आता तिथे तीन पूल शेजारी शेजारी उभे आहेत. तिसरा, तारांवर तोललेला ‘अटल सेतू’, जानेवारी २०१९ चा, सुमारे पाच किलोमीटर लांब. पणजीत जायचं नसेल तर तोच धरावा. खालच्या पुलांवरून गेलात तर शहराच्या गर्दीत उतराल. झुआरीवरचा नवा पूल डिसेंबर २०२२ मध्ये अर्धा आणि डिसेंबर २०२३ मध्ये पूर्ण खुला झाला. त्याआधी कुठ्ठाळीला तासतास अडकणं नेहमीचं होतं. दक्षिणेचा करमल घाट मात्र जंगलातला आणि अरुंद, रात्री तिथे ओव्हरटेक करू नये.

कर्नाटक आणि केरळात?

माजाळीला कर्नाटक लागतं. सदाशिवगडाखालून काळी नदी ओलांडून कारवार. काळीवरचा जुना पूल ७ ऑगस्ट २०२४ च्या मध्यरात्री कोसळला. शेजारी नवा असल्याने दोन्ही दिशा त्यावर आल्या. पुढे अंकोला, कुमटा, होन्नावर (शरावती), भटकळ, बैंदूर, कुंदापूर, उडुपी, मंगळुरू. कुंदापुराआधी मरवंतेला एका हाताला समुद्र आणि दुसऱ्या हाताला सौपर्णिका नदी. साऱ्या प्रवासात समुद्र इतका जवळ क्वचितच येतो.

तलपाडीनंतर केरळ: कासरगोड, कण्णूर, कोळिकोड, एडपल्ली, आलप्पुळा, कोल्लम, तिरुवनंतपुरम. तिथे अडचण डोंगराची नव्हती, दाटीची होती. गाव कुठे संपतं ते कळत नाही अशा वस्तीत रुंदी ३० मीटर की ४५ यावर वर्षं गेली. शेवटी ४५ मीटर ठरली आणि भूसंपादनाच्या खर्चाचा चौथा हिस्सा राज्याने उचलायचा ठरला. भातखाचरांच्या मऊ जमिनीवर उंच भराव घालणं किती धोक्याचं ते मे २०२५ मध्ये मलप्पुरम जिल्ह्यातल्या कूरियाडला दिसलं. तिथे नव्या रस्त्याचा तुकडाच खचला.

पुणे-कोल्हापूरकडून यायचं तर कुठला घाट धरावा?

जायचं गाव पाहून ठरवा. माणगावला ताम्हिणी. महाडला भोरवरून वरंध, पण पावसाळ्यात तो बहुतेक वेळा बंद असतो, आधी चौकशी करा. चिपळूणला कराडहून कुंभार्ली. रत्नागिरीला कोल्हापूर-मलकापूरहून आंबा. राजापूरला अणुस्कुरा, निसर्गरम्य पण अरुंद. तळेऱ्याला गगनबावड्यावरून करूळ किंवा भुईबावडा. कणकवली-देवगडला फोंडा. सावंतवाडीला आंबोली. बेळगावहून गोव्यात चोर्ला किंवा अनमोड. नवशिक्या चालकाला आंबा आणि फोंडा त्यातल्या त्यात सोपे.

गणपतीला गावी जाताना काय पाहावं?

त्या दिवसांत जड वाहनांना महामार्गावर ठरावीक काळ बंदी असते आणि कोकणात जाणाऱ्यांना टोलमाफीचे पास मिळतात. पास वाहतूक पोलीस, पोलीस ठाणं किंवा आरटीओत मिळतो. गाडीचा क्रमांक आणि प्रवासाची तारीख द्यावी लागते. पास काचेवर लावा आणि परतीपर्यंत जपा, येतानाही लागतो.

अडकायची ठरलेली ठिकाणं म्हणजे वडखळ, कोलाड, इंदापूर आणि माणगाव. माणगावात रस्ता बाजारातून जातो आणि ताम्हिणीची गर्दीही तिथेच मिळते. पेण-वडखळ टाळायचं असेल तर मुंबई–पुणे द्रुतगती मार्गाने खोपोली, तिथून रायगडातलं पाली, आणि वाकण फाट्याला महामार्गावर या. माणगाव त्याने टळत नाही. चिपळूणच्या पुढे जायचं असेल तर पुण्यामार्गे कुंभार्ली किंवा आंबा घाट, अंतर जास्त असूनही, कित्येकदा लवकर पोचवतो. आदल्या रात्री दहाला निघणं ही सर्वांचीच युक्ती असल्याने ती युक्ती उरलेली नाही.

जमीन रस्त्यात जात असेल तर कोणत्या पायऱ्या असतात?

राष्ट्रीय महामार्ग कायदा १९५६ प्रमाणे आधी कलम ३-अ ची अधिसूचना निघते. तिच्यापासून २१ दिवसांत हरकत नोंदवायची असते. पुष्कळांची इथेच वेळ चुकते. मग ३-ड ची घोषणा होते आणि जमीन केंद्र सरकारची होते. ही घोषणा ३-अ नंतर वर्षभरात व्हावी लागते. त्यानंतर ३-ग खाली मोबदला ठरतो. रक्कम कमी वाटली तर लवादाकडे जाता येतं. पैसे उचलताना ‘हरकत राखून स्वीकारले’ असं लेखी द्या.

मोजणीच्या दिवशी जागेवर हजर राहा. आंबा, काजू, नारळ, विहीर, गडगा, गोठा हे सगळं पंचनाम्यात मोजून घ्या, झाडांची वयं लिहून घ्या. नंतर ते सिद्ध करणं जड जातं, कारण तोवर झाड नसतं. वारसनोंद आजच करून घ्या, अधिसूचनेची वाट पाहू नका.

सागरी महामार्ग, कोकण द्रुतगती महामार्ग आणि शक्तिपीठ म्हणजे हाच रस्ता का?

नाही. सागरी महामार्ग रेवस ते रेड्डी, अगदी किनाऱ्याने जाणारा राज्याचा रस्ता. खाड्यांवरचे मोठे पूल पूर्ण नसल्याने आगरदांडा–दिघी, वेश्वी–बागमांडला, दाभोळ–धोपावे, तवसाळ–जयगड अशा फेरीबोटी घ्याव्या लागतात. घाई नसेल तर हाच रस्ता सुंदर. कोकण द्रुतगती हा ६६ ला समांतर नवा रस्ता काढायचा राज्याचा प्रस्ताव. शक्तिपीठ हा वर्ध्याजवळच्या पवनारहून पत्रादेवीला आणायचा प्रस्ताव, त्याला शेतकऱ्यांचा मोठा विरोध झाला.

गोव्याहून येताना दारू आणता येते का?

परवान्याशिवाय नाही. गोव्यात कर कमी, म्हणून तिथली बाटली महाराष्ट्रात आणणं हा उत्पादन शुल्काचा गुन्हा ठरतो. बांद्याजवळ इन्सुलीला तपासणी नाका आहे, आणि पुढेही गाड्या थांबवतात. ‘एकच आहे’ हे उत्तर चालत नाही.

गाडी बंद पडली किंवा अपघात झाला तर?

राष्ट्रीय महामार्गाची मदतवाहिनी १०३३, रुग्णवाहिका १०८, पोलीस ११२. फोनवर जागा सांगताना जवळच्या गावाचं नाव, कोणत्या दिशेला तोंड आहे ते, आणि कडेच्या पिवळ्या डोक्याच्या दगडावरचा किलोमीटर आकडा सांगा. डोंगरकपारीत रेंज जाते, तेव्हा गाडी बंद पडते आहे असं वाटलं की घाटात न थांबता उतारावर सोडून पहिल्या वस्तीपर्यंत नेता आली तर न्या, पण इंजिन बंद करून नव्हे: इंजिन थांबलं की ब्रेकला मिळणारी मदतही जाते. त्रिकोणी फलक गाडीमागे किमान पन्नास मीटरवर ठेवा, वळण असेल तर वळणाच्याही मागे. पावसात माणसांना गाडीत बसवून ठेवू नका, कठड्यापलीकडे उभं करा, फक्त दरडीच्या बाजूला नको.